कोणी न मागणारा सिंगलटन: ईगर ऑब्जेक्ट तयार करून आपोआप नोंदवण्याची पद्धत

दादर स्थानकासाठी एक लहान प्रोग्राम लिहायचा आहे, असे धरून चालू. लोकल उशिरा धावत असल्याची माहिती त्यात एका जागी येते आणि ती येताच तीन गोष्टी घडायला हव्यात: उद्घोषणा व्हावी, इंडिकेटरवरची वेळ बदलावी आणि त्या उशिराची नोंद साठवली जावी. ही कामे उद्घोषक, इंडिकेटर आणि नोंदकर्ता अशा तीन क्लासकडे सोपवली, माहिती आणणारा चौथा क्लास लिहिला आणि त्या चौथ्याला बाकी तिघांची नावेही ठाऊक असू नयेत म्हणून मध्ये एक इव्हेंट बस ठेवली, म्हणजे इव्हेंट (घडलेल्या गोष्टीची सूचना) घेऊन तो नोंद केलेल्या सर्वांपर्यंत पोहोचवणारा ऑब्जेक्ट. प्रोग्राम सुरू होतो, कोणतीही त्रुटी दाखवत नाही, लोकल उशिरा असल्याचा इव्हेंट बसवर जातो आणि पुढे काहीच होत नाही. उद्घोषणा होत नाही, इंडिकेटर जुनीच वेळ दाखवत राहतो आणि लॉगमध्ये लाल अक्षरांत एक ओळही नसते.

याचे कारण असे, की डिपेंडन्सी इंजेक्शनच्या, म्हणजे क्लासला लागणारे ऑब्जेक्ट बाहेरून पुरवण्याच्या, अनेक फ्रेमवर्कमध्ये एखादा ऑब्जेक्ट तेव्हाच तयार होतो, जेव्हा दुसरे कोणीतरी तो मागते. उद्घोषकाला मात्र कोणीच मागत नाही. त्याला कोणी मागू नये, त्याच्यावर कोणी अवलंबून राहू नये, यासाठीच तर आपण मध्ये बस ठेवली. म्हणून तो तयार होत नाही, बसवर त्याची नोंद होत नाही आणि इव्हेंट ऐकायला समोर कोणीच नसते. पवईत, ऐरोलीत किंवा अंधेरीच्या सीप्झमध्ये पहिल्या नोकरीवर रुजू झालेल्या अभियंत्यांच्या हाती सहसा आधीपासून चालत आलेला मोठा प्रोग्राम पडतो आणि त्यात नवा श्रोता क्लास (बसवरचे इव्हेंट ऐकणारा क्लास) जोडण्याचे काम लवकरच वाट्याला येते. त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे जावा भाषेतील गाइस या गूगलच्या फ्रेमवर्कची आणि ग्वावा या लायब्ररीतील इव्हेंट बसची घेतली आहेत. क्लास आणि मेथड यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

पायरी १: लेझी आणि ईगर यांतील फरक नीट समजून घेणे

इंजेक्टर म्हणजे ऑब्जेक्ट तयार करून मागणाऱ्याला देणारा फ्रेमवर्कचा भाग. सिंगलटन म्हणजे एका इंजेक्टरमध्ये ज्याची एकच प्रत असते असा ऑब्जेक्ट. ती प्रत केव्हा तयार व्हावी, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. पहिल्या मागणीच्या वेळी तयार झाली तर ती लेझी आणि इंजेक्टर उभा राहतानाच तयार झाली तर ती ईगर. क्लासवर सिंगलटन ॲनोटेशन (क्लासला जोडायची खूण) लिहिले म्हणजे तो सुरुवातीलाच तयार होईल, असा अनेक नवख्यांचा समज असतो आणि गाइसच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो.

कोणता ऑब्जेक्ट कसा द्यायचा, हे गाइसला मॉड्यूल नावाच्या क्लासमध्ये सांगतात; यालाच बांधणे म्हणतात. इंजेक्टर तयार करताना एक स्टेज, म्हणजे तो कोणत्या वातावरणासाठी आहे ते, सांगता येते. काहीच सांगितले नाही तर डेव्हलपमेंट ही स्टेज धरली जाते आणि तीत फक्त स्पष्टपणे ईगर म्हणून बांधलेले सिंगलटन सुरुवातीला तयार होतात, बाकीचे मागणीनुसार. प्रॉडक्शन स्टेजमध्ये सगळे सिंगलटन सुरुवातीलाच तयार होतात; पण यातल्या ‘सगळे’ या शब्दाला मर्यादा आहे. इंजेक्टरला जे क्लास ठाऊक आहेत, म्हणजे मॉड्यूलमध्ये ज्यांचा उल्लेख आहे किंवा उल्लेख असलेल्यांना ज्यांची गरज लागते, तेवढेच त्यात येतात. ज्या क्लासचे नाव कोठेच आलेले नाही, तो कोणत्याही स्टेजमध्ये तयार होत नाही.

यातून एक विचित्र स्थिती उद्भवते आणि ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उद्घोषकाचे नाव मॉड्यूलमध्ये साध्या सिंगलटनाच्या रूपात लिहिले असेल, तर प्रॉडक्शन स्टेजमध्ये तो व्यवस्थित चालतो आणि आपल्या लॅपटॉपवर, डेव्हलपमेंट स्टेजमध्ये, गप्प राहतो. म्हणून श्रोत्यांच्या बाबतीत स्टेजवर विसंबू नये, त्यांना ईगर म्हणून स्पष्टपणेच बांधावे, असे माझे ठाम मत आहे.

ईगर निर्मितीचा आणखी एक लाभ आहे आणि मुंबईच्या संदर्भात तो सहज पटतो. समजा, फलाट क्रमांकांचा तक्ता वाचणारा एक सिंगलटन आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांना पश्चिम आणि मध्य रेल्वे मिळून १ ते १४ असे सलग क्रमांक देण्यात आले. तेव्हा अशा तक्त्याची फाइल नव्या ठिकाणी हलवायची राहून गेली, तर काय होईल? सिंगलटन लेझी असेल, तर फाइल नसल्याचे पहिली गाडी आल्यावर कळेल. तो ईगर असेल, तर इंजेक्टर तयार होतानाच क्रिएशन-एक्सेप्शन येईल आणि रात्रीची शेवटची लोकल गेल्यावर, पहाटेची पहिली सुटण्याआधीच्या मोकळ्या वेळात नवी आवृत्ती चढवणाऱ्या व्यक्तीला ते तिथल्या तिथे दिसेल. चुकीची चाहूल जितकी लवकर लागेल, तितकी ती सुधारणे सोपे जाते.

पायरी २: क्लास स्वतःच सिंगलटन करणे आणि त्याला ईगर बांधणे

आधी उद्घोषक या क्लासवरच सिंगलटन ॲनोटेशन लिहावे. मग मॉड्यूलच्या कॉन्फिगर मेथडमध्ये पुढील ओळ लिहावी:

बाइंड(उद्घोषक.क्लास).ॲज-ईगर-सिंगलटन();

मॉड्यूलमध्ये ईगर म्हटले असताना क्लासवर पुन्हा ॲनोटेशन कशाला, असे वाटू शकते. त्याचे उत्तर इंटरफेसच्या बांधणीत आहे. श्रोता नावाचा इंटरफेस उद्घोषकाशी जोडून ती जोडणी सिंगलटन केली, तर एकच प्रत असण्याची हमी फक्त श्रोता या नावाने मागणाऱ्यांना मिळते. कोणी थेट उद्घोषक मागितला, तर त्याला दुसरी, वेगळी प्रत मिळते. दोन्ही प्रती बसवर नोंदल्या गेल्या, की एकाच उशिराची उद्घोषणा दोनदा होते. ॲनोटेशन प्रत्यक्ष क्लासवर असले, की कोणत्याही वाटेने मागितले तरी प्रत एकच राहते.

येथे आवृत्तीकडेही लक्ष द्यावे लागते. जावामधील इंजेक्शनची ॲनोटेशन्स प्रथम जावाएक्स या नावाखालील पॅकेजमध्ये होती आणि पुढे ती जकार्ता या नावाखाली आली. २०२३ मध्ये आलेल्या गाइस ७ ला फक्त जकार्तामधील आणि स्वतःची ॲनोटेशन्स कळतात. जुन्या फाइलमध्ये जुने सिंगलटन ॲनोटेशन तसेच राहिले आणि त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर बिनआर्ग्युमेंटचा असला, तर कोणतीही त्रुटी न दाखवता तो क्लास सिंगलटन राहत नाही. आवृत्ती बदलताना सर्व इम्पोर्ट ओळी शोधून पाहाव्यात.

पायरी ३: नोंदणी कन्स्ट्रक्टरमधून बाहेर काढणे

ऑब्जेक्ट तयार झाला, आता तो बसवर नोंदवायचा. सर्वांत जवळची वाट म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये बस मागून घेणे आणि तेथेच ‘बस.रजिस्टर(धिस)’ असे लिहिणे. पुष्कळ प्रोग्राममध्ये हे आढळते आणि बऱ्याचदा ते चालतेही, म्हणूनच ते टाळण्याचे कारण समजून घेतले पाहिजे.

कन्स्ट्रक्टर संपेपर्यंत ऑब्जेक्ट पूर्ण झालेला नसतो. त्याची काही फील्ड्स अजून रिकामी असू शकतात. फील्डमध्ये किंवा मेथडद्वारे होणारे इंजेक्शन तर कन्स्ट्रक्टरनंतरच होते. आणि त्या क्लासपासून पुढे दुसरा क्लास काढला असेल, तर त्याच्या कन्स्ट्रक्टरची ओळ अजून आलेलीच नसते. अशा अर्धवट ऑब्जेक्टचा पत्ता बसला दिला आणि त्याच क्षणी दुसऱ्या थ्रेडवरून इव्हेंट आला, तर उद्घोषक अपुऱ्या अवस्थेत कामाला लागतो. शिवाय जावामध्ये फायनल फील्डच्या किमती इतर थ्रेडना योग्य दिसतील, ही हमी कन्स्ट्रक्टर संपण्याआधी ऑब्जेक्टचा पत्ता बाहेर न गेल्यासच मिळते. ही चूक रोज प्रकट होत नाही, भार वाढल्यावर क्वचित प्रकट होते, आणि तशा चुका शोधण्यात फार वेळ जातो.

दुसरे कारण रोजच्या कामाचे आहे. प्रत्येक श्रोत्याने स्वतःची नोंदणी स्वतः करायची म्हटले, की ती ओळ विसरण्याची शक्यता प्रत्येक नव्या क्लासबरोबर वाढत जाते. नोंदणीचा नियम एकाच जागी लिहिला, तर तो एकदाच तपासावा लागतो.

पायरी ४: टाइप-लिसनर लिहिणे

या सगळ्या खटाटोपाचा गाभा ही पायरी आहे, म्हणून येथे थोडे थांबून वाचावे. गाइसमध्ये टाइप-लिसनर नावाची सोय आहे. इंजेक्टरला एखादा नवा टाइप भेटतो, तेव्हा तो आपल्या लिसनरची हिअर ही मेथड बोलावतो आणि तिला दोन गोष्टी देतो: तो टाइप आणि एन्काउंटर नावाचा ऑब्जेक्ट. या एन्काउंटरवर आपण इंजेक्शन-लिसनर नोंदवू शकतो, ज्याची आफ्टर-इंजेक्शन ही मेथड त्या टाइपच्या प्रत्येक ऑब्जेक्टचे इंजेक्शन पूर्ण झाल्यावर बोलावली जाते. कन्स्ट्रक्टर, फील्ड्स, मेथड हे सर्व आटोपलेले असते. ऑब्जेक्ट बसला देण्यासाठी हाच क्षण योग्य आहे.

हिअर मेथडमध्ये काय लिहायचे, ते क्रमाने पाहू. प्रथम त्या टाइपच्या मूळ क्लासमध्ये किंवा त्याच्या वरच्या क्लासमध्ये सबस्क्राइब ॲनोटेशन (इव्हेंट ऐकणाऱ्या मेथडवरची ग्वावाची खूण) असलेली मेथड आहे का, ते रिफ्लेक्शनने, म्हणजे चालत्या प्रोग्राममधून क्लासची रचना तपासून, पाहावे. नसेल, तर तेथूनच परत फिरावे. ही तपासणी टाइपच्या पातळीवर होत असल्यामुळे प्रत्येक ऑब्जेक्टमागे तिचा खर्च पडत नाही. असेल, तर त्या क्लासवर सिंगलटन ॲनोटेशन आहे का, ते पाहावे. ते नसल्यास ‘एन्काउंटर.ॲड-एरर’ या मेथडने स्पष्ट संदेश नोंदवावा. ते असल्यास इंजेक्शन-लिसनर नोंदवावा, ज्याच्या आत एकच ओळ असते (तीतील इंजेक्टी म्हणजे इंजेक्शन पूर्ण झालेला ऑब्जेक्ट):

बस.रजिस्टर(इंजेक्टी);

सिंगलटनची अट इतक्या कडकपणे का घालायची, हे सांगितले पाहिजे. आफ्टर-इंजेक्शन प्रत्येक ऑब्जेक्टसाठी चालते. एखादा श्रोता सिंगलटन नसेल, तर तो जितक्या वेळा मागितला जाईल तितक्या प्रती तयार होतील आणि प्रत्येक प्रत बसवर नोंदली जाईल. ग्वावाची बस नोंदलेल्या श्रोत्याचा संदर्भ अनरजिस्टर म्हणेपर्यंत सोडत नाही. त्यामुळे त्या प्रती मेमरीतून कधीच जात नाहीत आणि एका इव्हेंटला उत्तर देणाऱ्यांची संख्या दिवसभर वाढत राहते. एकच ऑब्जेक्ट दोनदा रजिस्टर झाला तर ग्वावा तो एकदाच धरते, परंतु येथे ऑब्जेक्टच वेगवेगळे असल्यामुळे त्या सोयीचा उपयोग होत नाही. ॲड-एरर लिहिले असले, की मॉड्यूलमध्ये बांधलेल्या अशा क्लासची चूक इंजेक्टर उभा राहतानाच उघडी पडते.

आता एक व्यावहारिक अडचण येते. टाइप-लिसनर आपण कॉन्फिगर मेथडमध्ये तयार करतो आणि त्या वेळी इंजेक्टर अस्तित्वातच नसतो. मग लिसनरला बस कोठून मिळणार? सोपा मार्ग असा, की मॉड्यूलमध्येच बसची प्रत न्यू लिहून तयार करावी, टू-इन्स्टन्स वापरून तीच प्रत इंजेक्टरला द्यावी आणि तीच लिसनरच्या कन्स्ट्रक्टरलाही द्यावी. दोन्हीकडे एकच प्रत जाते, याची खात्री करून घ्यावी. चुकून दोन बस तयार झाल्या, तर श्रोते एकीवर नोंदले जातात, इव्हेंट दुसरीवर पडतात आणि आपण पुन्हा मूळ जागी येतो.

शेवटी बाइंड-लिसनर या मेथडने, मॅचर्स.एनी या सर्वसमावेशक निकषासह, हा लिसनर जोडावा. कॉन्फिगर मेथड एवढ्यात पूर्ण होते.

पायरी ५: प्रोव्हाइड्स मेथडमधून येणारे ऑब्जेक्ट

टाइप-लिसनरला फक्त तेच ऑब्जेक्ट कळतात, ज्यांच्यात गाइस स्वतः इंजेक्शन करतो. प्रोव्हाइड्स मेथडने (ऑब्जेक्ट स्वतः तयार करून देणाऱ्या मॉड्यूलमधील मेथडने) किंवा प्रोव्हायडरने (तेच काम करणाऱ्या वेगळ्या क्लासने) तयार करून दिलेल्या ऑब्जेक्टमध्ये तो इंजेक्शन करत नाही, म्हणून ते या जाळ्यातून निसटतात. त्यांच्यासाठी गाइस ४ पासून प्रोव्हिजन-लिसनर उपलब्ध आहे. त्याच्या ऑन-प्रोव्हिजन मेथडमध्ये प्रोव्हिजन बोलावली की तयार ऑब्जेक्ट हाती येतो, गेट-बाइंडिंगने त्याची बांधणी मिळते आणि ‘स्कोप्स.इज-सिंगलटन’ या मेथडला ती दिली की तो सिंगलटन आहे की नाही, हे कळते. याच्या उलट, टू-इन्स्टन्सने दिलेले ऑब्जेक्ट प्रोव्हिजन-लिसनरला कळत नाहीत. म्हणून दोन्ही वापरून गुंता वाढवण्यापेक्षा, श्रोत्यांना प्रोव्हाइड्स मेथडमधून देऊच नये असा संघात नियम करणे मला अधिक योग्य वाटते.

पायरी ६: श्रोत्यांचे क्लास शोधणे

नोंदणी आपोआप झाली, पण ‘बाइंड... ॲज-ईगर-सिंगलटन’ ही ओळ प्रत्येक श्रोत्यासाठी अजूनही हाताने लिहावी लागते. तीही आपोआप व्हावी असे वाटणे स्वाभाविक आहे. गाइस मात्र क्लासपाथ, म्हणजे प्रोग्रामचे क्लास जेथे ठेवलेले असतात त्या जागा, धुंडाळत नाही. हे काम बाहेरून करावे लागते. नेटफ्लिक्सच्या गव्हर्नेटर या गाइसवरील लायब्ररीत ऑटो-बाइंड-सिंगलटन नावाचे ॲनोटेशन याच हेतूने होते.

स्वतः करायचे असल्यास आधी स्वतःचे एक ॲनोटेशन तयार करावे, उदाहरणार्थ ‘स्थानक-श्रोता’. त्याची रिटेन्शन (ते कोठवर टिकते) रनटाइम ठेवणे विसरू नये; काहीच न सांगितल्यास जावा ते क्लास फाइलपुरतेच ठेवते आणि चालत्या प्रोग्रामला रिफ्लेक्शनने ते दिसत नाही. मग क्लासग्राफसारख्या लायब्ररीने हे ॲनोटेशन असलेले क्लास शोधावेत, त्यांतले ॲबस्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेस वगळावेत आणि उरलेल्या प्रत्येकासाठी मॉड्यूलमध्ये लूप चालवून ईगर बांधणी करावी. शोध आपल्याच पॅकेजपुरता मर्यादित ठेवावा. सगळा क्लासपाथ पिंजून काढल्यास प्रोग्राम सुरू व्हायला वेळ लागतो आणि टेस्टसाठी लिहिलेले नकली श्रोतेही उचलले जाण्याचा धोका राहतो.

मोठ्या प्रोग्राममध्ये मला दुसरी वाट अधिक पसंत आहे. प्रत्येक विभागाने आपले मॉड्यूल लिहावे, त्यात आपल्या श्रोत्यांच्या ईगर बांधण्या स्पष्ट लिहाव्यात आणि त्या मॉड्यूलचे नाव जावाच्या सर्व्हिस-लोडरसाठीच्या फाइलमध्ये द्यावे. सर्व्हिस-लोडर इटरेबल असल्यामुळे तो क्रिएट-इंजेक्टरला थेट देता येतो आणि मुख्य प्रोग्रामला नवा विभाग जोडताना हात लावावा लागत नाही. श्रोत्यांची यादी मात्र वाचता येईल अशा जागी राहते. सहा महिन्यांनी आलेल्या नव्या सहकाऱ्याला उद्घोषक कोठून आला, हे कोणाला न विचारता सापडते.

या टप्प्यावर काही जण रिक्वायर-एक्सप्लिसिट-बाइंडिंग्ज हा पर्याय सुरू करतात, ज्यामुळे मॉड्यूलमध्ये न बांधलेला क्लास मागितला तर त्रुटी येते. पर्याय चांगला आहे, पण विसरलेल्या श्रोत्यावर तो उपाय नाही. तो मागणाऱ्याला अडवतो आणि श्रोत्याला तर मागणाराच नसतो.

पायरी ७: निर्मिती आणि प्रारंभ वेगळे ठेवणे

ईगर सिंगलटन कोणत्या क्रमाने तयार होतील, यावर आपला प्रोग्राम अवलंबून नसावा. उशिराची माहिती आणणाऱ्या क्लासने आपल्या कन्स्ट्रक्टरमध्येच थ्रेड सुरू केला, तर उद्घोषक तयार होण्यापूर्वीच पहिला इव्हेंट बसवर पडू शकतो. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त मिळालेल्या गोष्टी साठवाव्यात. थ्रेड, नेटवर्क जोडणी, टायमर यांसाठी वेगळी स्टार्ट मेथड असावी आणि क्रिएट-इंजेक्टर परतल्यानंतर, म्हणजे सर्व श्रोते तयार होऊन नोंदले गेल्यानंतर, मुख्य मेथडने ती बोलावावी. ग्वावामध्ये यासाठी सर्व्हिस हा इंटरफेस आणि सर्व्हिस-मॅनेजर हा क्लास तयार आहेत. फलाट तक्त्यासारखी लहान स्थानिक फाइल कन्स्ट्रक्टरमध्ये वाचायला हरकत नाही.

जावाचे स्प्रिंग हे फ्रेमवर्क किंवा इतर साधने वापरणाऱ्यांसाठी येथे थोडे सांगतो. स्प्रिंगमध्ये सिंगलटन मुळातच ईगर असतात, लेझी हवे असल्यास तसे सांगावे लागते आणि क्लास शोधण्याची सोय फ्रेमवर्कमध्येच आहे. सर्व सिंगलटन तयार झाल्यावर काही करायचे असल्यास स्मार्ट-इनिशियलायझिंग-सिंगलटन हा इंटरफेस आहे. डॉटनेटच्या अंगभूत कंटेनरमध्ये ॲड-सिंगलटनने जोडलेला क्लास लेझी असतो, त्यामुळे तेथे होस्टेड सर्व्हिस (प्रोग्रामबरोबर आपोआप सुरू होणारा क्लास) लिहून तिच्यातून त्या क्लासची मागणी करावी लागते. डॉटनेटच्याच ऑटोफॅक या लायब्ररीत ऑटो-ॲक्टिव्हेट हे थेट मिळते. ग्वावाच्या लेखकांनीही आता नव्या कामासाठी त्यांची इव्हेंट बस वापरू नये असे तिच्या दस्तऐवजात लिहिले आहे. पण चालू प्रोग्राममध्ये ती भरपूर आढळते आणि कोणतीही दुसरी बस घेतली तरी वरच्या पायऱ्या तशाच लागू पडतात.

पायरी ८: गप्प राहणारी चूक बोलती करणे

ग्वावाच्या बसवर असा इव्हेंट पडला, की जो ऐकणारे कोणीच नाही, तर ती तो डेड-इव्हेंट या वेष्टणात घालून पुन्हा बसवर टाकते. डेड-इव्हेंट ऐकणारा एक श्रोता लिहून त्यात लॉगची इशारा ओळ लिहावी. हा एकच श्रोता मॉड्यूलमध्ये बसला हाताने जोडावा, म्हणजे आपोआप नोंदणीत काही बिघाड असला तरी तो जागा राहील. मात्र तीन श्रोत्यांपैकी एकच गळला असेल, तर डेड-इव्हेंट निर्माण होत नाही, कारण बाकीचे दोघे ऐकत असतात. त्याचप्रमाणे श्रोत्याच्या मेथडने फेकलेले एक्सेप्शन ही बस इव्हेंट पाठवणाऱ्यापर्यंत पोहोचवत नाही, फक्त लॉगमध्ये लिहिते; तेव्हा त्या लॉगकडेही लक्ष असावे.

म्हणून एक टेस्ट लिहावीच. तीत खऱ्या मॉड्यूल्ससह इंजेक्टर उभा करावा, उद्घोषणेचा आवाज, इंडिकेटरचा पडदा आणि नोंदींचा साठा यांच्या जागी नकली क्लास द्यावेत, उशिराचा एक इव्हेंट बसवर टाकावा आणि तिघांनाही तो प्रत्येकी एकदाच मिळाला का, ते तपासावे. टेस्टमध्ये गेट-इन्स्टन्स म्हणून उद्घोषक मागू नये; तसे केल्यास तो त्या मागणीमुळेच तयार होतो आणि जे तपासायचे तेच झाकले जाते. ही टेस्ट डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन अशा दोन्ही स्टेजमध्ये चालवावी. ती पहिल्यात पडली आणि दुसऱ्यात पास झाली, तर कोणत्या तरी श्रोत्याची ओळ साध्या सिंगलटनची राहिली आहे, असे समजून आधी मॉड्यूल उघडावे.